गल्लीतल्या कुत्रीशी गट्टी जमवताना

गल्लीतल्या एखाद्या कुत्रीशी तुमचं काहीतरी जुळत असेल, तर पुढाकार तिलाच घेऊ द्या. नवखे लोक थेट डोक्यावर हात ठेवायला जातात आणि कुत्रं बिचकतं. थोडं लांब, तिरकं बसा. नजर रोखू नका. ती येऊन हुंगेल. मग छातीवर जरा खाजवा आणि हात काढून घ्या. नाकाने हात पुन्हा ढोसला, तर तिला हवंय. मान वळवली, ओठ चाटले, तर आज पुरे. शेपूट ताठ ठेवून हलवत असेल, तर ती खूशच आहे असं समजू नका.

- खाऊ ठरलेल्या वेळी द्या. चॉकलेट, कांदा, द्राक्षं अजिबात नकोत.
- दात किंवा ओरखडा लागला, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करा. माया कितीही असली तरी यात चालढकल नको.