वाचक विचारतात: पान लागलं (म्हणजे साप चावला), औषध भिनलं, ऊन लागलं... दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

प्रश्न: ताई, आमचं गाव घाटंजीपासून लय आत हाय. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकाले वावरात पान लागलं, तं कोणी दोरी बांधली, कोणी ब्लेड मारलं, मंग भगताकडे नेलं, त्यातच रात्र गेली. काका वाचले पण पाय कामाचा नाही राहिला. आता आम्ही पोरं फर्स्ट एड शिकाव म्हणतो. सुरुवात कुठून करावं?

उत्तर: भाऊ, सुरुवात त्या दोरीपासूनच करा. दोरी आवळली की खालच्या भागाचं रक्त अडते, आणि घोणस (तुमच्याकडे परड म्हणत असतील) चावली असली तर तिचं विष त्या जागेचं मांसच सडवते, मग कोंडलेल्या विषानं पायाची वाट लागणारच. ब्लेड मारलं तर आणखी वाईट, कारण घोणशीच्या विषानं रक्त गोठतच नाही, छोटा काप पण वाहत राहते. तोंडानं विष ओढणं, बर्फ, मिरची चारून बघणं, कडुलिंबाचा पाला, यातलं काहीच नको.

करायचं एवढंच: माणसाला आडवं करा, धीर द्या, अंगठी, जोडवी, पैंजण काढा कारण सूज चढते, आणि चावलेला हात-पाय फळीला दुपट्ट्यानं सैलसर बांधून हलू देऊ नका, मोडलेल्या हाडाला बांधतो तसं. त्याला चालवायचं नाही, पळवायचं तर नाहीच. १०८ ला फोन लावा, गाडीत डॉक्टर असतो, पण गाडी लांब असली तर फटफटीवर मधात बसवून मागून एकानं घट्ट धरायचं आणि निघायचं. कोणी आधीच दोरी बांधून ठेवली असेल तर रस्त्यात झटकन सोडू नका, ते डॉक्टरसमोर होऊ द्या.

साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इंजेक्शन चालते. लांबून फोटो मिळाला तर ठीक, त्याच्यासाठी झुडपात शिरू नका बापा. आणि दवाखान्यात डॉक्टर नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात तेव्हा नातेवाईक भांडायला उठतात की काही करतच नाहीत म्हणून. अहो ती रक्त गोठते का नाही याची टेस्ट असते, इंजेक्शन द्यायचं का ते त्याच्यावरून पण ठरते.

मण्यारचं वेगळं सांगते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण पण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली. पावसाळ्यात असं कोणाचं झालं तर सोडा पाजत बसू नका, सरळ दवाखाना. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, याच्याएवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

गावात पोरं जमलीच आहेत तर आजच दोन गोष्टी लिहून काढा: सापाचं इंजेक्शन आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असते का ग्रामीण रुग्णालयातच जावं लागते, आणि रात्री दोन वाजता कोणाची गाडी निघू शकते. बॉक्स आणि बँडेज नंतर घ्या. तसंही ते बॉक्स शाळेच्या कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली सरांच्या घरी.

प्रश्न: पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करून आलं की आमच्या ह्यांना चक्कर येते, घाम फुटतो, लाळ येते. सासूबाई मिठाचं पाणी पाजून उलटी काढा म्हणतात. बरोबर आहे का? (वाचक भगिनी, ता. आर्वी)

उत्तर: नाही ताई, उलटी काढायची नाही. एक तर हे विष पोटातून कमी आणि कातडीतून, श्वासातून जास्त गेलेलं असते, आणि गुंगीत असलेल्या माणसाची उलटी फुफ्फुसात गेली तर वेगळंच संकट. लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, धाप, हे सगळं दिसलं म्हणजे विष भिनलं असं समजा आणि "झोपला की उतरेल" म्हणू नका. आधी वावरातून बाजूला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे सगळे काढा, लाजायचं काम नाही, आणि साबण लावून भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवा. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी, नाहीतर दुसरा पेशंट तयार. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा.

औषधाचा डबा सोबत न्या, निदान लेबलचा फोटो. उतारा कोणता ते लेबलवर छापलेलं असते. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळी सांगा, कृषी केंद्रवाल्याचं नाव येईल म्हणून लपवू नका. लेबलवरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली होती आणि फवारा तोंडावरच येत होता. आणि ह्यांना दर वेळी असं होते म्हणता, तर दवाखान्यात दाखवल्याशिवाय पुन्हा पंप पाठीवर घेऊ देऊ नका.

प्रश्न: खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, खरं का?

उत्तर: ठेवा, कोणाचं काही जात नाही. पण अंग तव्यासारखं तापलंय आणि माणूस बरळायला लागला तर कांदा हुंगवत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकत राहा आणि पंखा, पुठ्ठा जे असेल त्यानं वारा घाला, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात थेंब पण नाही. आधी थंड करायला घ्या, गाडी येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न: मी कॉलेजात आहे. सीपीआर (श्वास, हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहणं) शिकायचा आहे, पण ॲक्सिडेंटमधे मदत केली आणि पोलिसांचं लचांड मागे लागलं तर? (विद्यार्थिनी, सिंदेवाही)

उत्तर: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं हे कलम आलंय, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. तेव्हा बिनधास्त. सीपीआर मात्र व्हिडिओ बघून येत नाही, पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावा लागतो: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे कोर्स असतात, तुमच्या एनएसएसच्या मॅडमना सांगून कॉलेजातच एक शिबिर लावून घ्या, एकटीनं शिकण्यापेक्षा चाळीस जणी शिकतील.

प्रश्न: वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर करंट लागते का? आमच्याकडे शेणात पुरतात.

उत्तर: लागत नाही, त्या अंगात करंट राहतच नाही, लगेच हात लावा. श्वास नसेल तर तिथंच सीपीआर सुरू करा, वीज पडलेले बरेचजण यानं वाचतात. शेणात पुरण्यात नेमकी तीच मिनिटं जातात. पुन्हा वीज पडायची भीती असेल तर आधी झाडाखालून बाजूला घ्या. मोटर पंपाचा किंवा तुटलेल्या तारेचा शॉक असेल तर मात्र उलटं: आधी सप्लाय बंद, तोपर्यंत त्या माणसाला कोणीच शिवायचं नाही, सख्ख्या भावानं पण नाही.