वाचकांचे प्रश्न : बहुमत विरोधात असलेला सरपंच

प्रश्न : थेट निवडणुकीतून मी सरपंच झाले, परंतु नऊ सदस्यांपैकी सहा जण विरोधी पॅनलचे आहेत आणि मासिक सभेत आमचे बहुतेक विषय नामंजूर होतात. आमचे कार्यकर्ते म्हणतात की ज्यांनी निवडणुकीत काम केले त्यांच्या वस्तीपासून रस्ता सुरू करा. घरचे म्हणतात, ‘कारभार आम्ही बघतो, तू सही कर.’ अशा वेळी चांगले नेतृत्व कसे करावे?
— एक सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : आपली अडचण अनेक गावांत आहे. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. त्यामुळे सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य दुसऱ्या पॅनलचे, असे चित्र आता नवे राहिलेले नाही. गावाने आपल्याला निवडले असले तरी ठराव बहुमतानेच होणार, हे एकदा मनापासून मान्य केले की पुढचा मार्ग दिसू लागतो. सभेची विषयपत्रिका काढण्यापूर्वी त्या सहा जणांकडे स्वतः जावे आणि त्यांच्या वॉर्डातील निकडीचे काम विचारून घ्यावे. त्यातले एखादे रास्त काम आपल्या विषयांच्या आधी सभेपुढे ठेवण्याने सरपंचाची पत कमी होत नाही, उलट वाढते.

खरा आधार ग्रामसभेचा आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तरीही पुष्कळ गावांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही म्हणून दहा-बारा माणसांत विषय उरकायचे, अशी वहिवाट पडली आहे. आपण ती मोडावी. कामांची यादी, प्रत्येकाचा अंदाजित खर्च आणि प्राधान्याचे कारण लोकांसमोर वाचून दाखवले, तर रास्त कामाला केवळ पॅनलपोटी विरोध करणे कोणत्याही सदस्याला जड जाते. मात्र ग्रामसभेचा उपयोग विरोधकांना चारचौघांत खाली पाहायला लावण्यासाठी करू नये. त्याची परतफेड पुढच्या मासिक सभेत व्याजासह होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सर्वजण घेतात. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले आणि दुष्काळी गाव पाणीदार झाले, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. शेतीसाठी कूपनलिका नको, उसासारखी पिके नकोत, असे कडक निर्बंध गावाने इतकी वर्षे का पाळले, याकडे मात्र कमी लक्ष जाते. तेथे पडलेल्या पावसाचा आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर पिकांचा निर्णय होतो. आकडा सर्वांसमोर असल्यामुळे नकार हा सरपंचाचा हट्ट राहत नाही. रस्त्याचेही तसेच करावे. कोणत्या वस्तीतून किती मुले शाळेत येतात, पावसाळ्यात रुग्णाला बाहेर काढणे कोठे अशक्य होते, हे आधी कागदावर मांडावे; कार्यकर्त्यांची नाराजी येईल, ती सोसावी लागेल. त्यांच्यापैकी कोणी कामाचे कंत्राट मागत असेल आणि त्यात आपला किंवा एखाद्या सदस्याचा आडूनही हितसंबंध असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली पद जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

सहीबाबत आम्ही अधिक स्पष्ट लिहितो. इतिवृत्ताच्या वहीत शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये चार बोटे कोरी जागा सोडलेली असेल, तर सही करू नये; त्या जागेत नंतर काय लिहिले जाईल हे सांगता येत नाही. ती जागा तिरकी रेघ मारून बंद करावी, मगच सही करावी. ऑनलाइन देयकासाठीचे आपल्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल संगणक परिचालकाच्या खणात नव्हे, तर आपल्याजवळ असावे. ते देयक कशाचे हे पाहिल्याशिवाय वापरू नये. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की खुलासा सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. तेव्हा ‘कारभार घरचे बघत होते’ हे उत्तर चालत नाही. घरच्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण सभेतील खुर्चीवर आपणच बसावे.

प्रश्न : शासनाचा निधी येतोच, मग घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवरून गावाचा रोष का ओढवून घ्यावा?
— एक ग्रामपंचायत सदस्य, लातूर जिल्हा

उत्तर : कारण आलेला निधी हवा तसा खर्च करता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेलाच बांधलेला होता. गावाला स्वतःच्या मर्जीने काही करायचे, तर स्वतःचे उत्पन्न हवे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत कर वेळेवर भरणाऱ्यांना दळण मोफत मिळू लागले. तेथे वसुलीचा तगादा लावण्याऐवजी पट्टी भरण्याचा फायदा घरोघरी दिसला. आपल्याकडे एवढे शक्य नसेल, तर निदान थकबाकीदारांची यादी फलकावर लावावी. त्याआधी सर्व सदस्यांनी आपापली बाकी भरून पावती घ्यावी, कारण मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वही त्याच कलम १४ खाली धोक्यात येते आणि यादी लागली की गाव सर्वांत आधी सदस्यांचीच नावे शोधते.