दरकपात आणि मापकपात

चिपळूणच्या एका काकूंनी विचारलंय. सवलतीच्या मोठ्या दुकानातून त्या नेहमीची साबणपूड आणतात. एका पाकिटात डबा गळ्याशी यायचा, तो आता चार बोटं रिकामा राहतो. किंमत 100 रुपयेच, पाकीटही तेवढंच, पण किलोचे 850 ग्रॅम झालेत. याला ‘काटा मारला’ म्हणायचं का?

काकू, माझ्या मते नाही. काटा मारणारा वजन खोटं दाखवतो. ‘मापात पाप’ही तसंच. इथे 850 छापलंय आणि तेवढंच भरतंय, म्हणून हे दोन्ही शब्द लागू पडत नाहीत.

जवळचा शब्द मला मासळीबाजारात दिसतो. शंभराच्या वाट्यात आठ बांगडे असायचे तिथे पाच दिसले, की आपण लगेच म्हणतो, ‘आज वाटा बारीक गो!’ मग मासळीवाली एखादा बांगडा वर टाकते, नाहीतर मासळीच कमी आली म्हणून सांगते. पण वाटा डोळ्यांसमोर मांडलेला असतो, बांगडे मोजता येतात. बंद पाकिटाला ‘बारीक वाटा’ म्हटलं तर त्यातला लपवण्याचा भाग सुटतो.

‘मापघट’ हा शब्दही काहींनी सुचवला. तो मला पटत नाही. भात वाळलं की घट येते, सुक्या मासळीतही येते. ती आपोआप येते, कुणी करत नाही. कपात मात्र कुणीतरी ठरवून करतं : पाणीकपात, वीजकपात, पगारकपात. म्हणून ‘मापकपात’ म्हणावं. ज्या दुकानात ‘दरकपात’ची पाटी लागते, तिथेच हा शब्द नेमका बसतो. वर्तमानपत्रांतला ‘छुपी दरवाढ’ हा शब्द चूक नाही, पण त्यातून परिणाम कळतो, कृती कळत नाही.

परिणाम मात्र कपातीपेक्षा मोठा असतो. माप 15 टक्क्यांनी कापलं, तर ग्रॅममागे 10 पैशांचे पावणेबारा पैसे होतात. म्हणजे वाढ साडेसतरा टक्क्यांच्याही वर जाते. वैधमापनाच्या नियमांनुसार आता किलोच्या आतल्या पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम दरही छापावा लागतो. जुन्या किलोच्या पाकिटाची एमआरपी हाच किलोचा दर; नव्यावरचा प्रति ग्रॅम दर हजाराने गुणून त्याच्याशी ताडून बघा. आणि दुकानात विचाराल तेव्हा ‘कमी का आलं?’ असं न विचारता ‘मापकपात कधी केलीत?’ असं विचारा.