गाडी खाली बसवली, टायर गेले: भरपाई कोण देणार?

प्रश्न: माझ्या हॅचबॅकसाठी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मी १८,५०० रुपयांना ऑनलाइन मागवल्या आणि जळगावच्या एका गॅरेजात ४,००० रुपये देऊन बसवून घेतल्या. १,४०० किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं की 'टण्ण' आवाज येतो, डाव्या शॉकअपमधून तेल गळतंय. गॅरेजवाला म्हणतो स्प्रिंग खराब, विक्रेता म्हणतो फिटिंग चुकलं. आता गॅरेजवाला फुकट खोलून परत बसवून देतो म्हणतो. मी काय करू? (एक वाचक, पारोळा)

उत्तर: आधी एक करा. गाडी त्या गॅरेजात खोलू देऊ नका. फुकटात मिळतंय म्हणून हो म्हणालात, तर चूक कुणाची होती याचा पुरावा त्याच्याच हातून नाहीसा होईल. तोवर गाडी चालवूही नका, कारण शॉकअप गळत असताना ब्रेक लावल्यावर गाडी नीट सांभाळली जात नाही. शिवाय जाणूनबुजून नुकसान वाढवलं, असा मुद्दा समोरचा वकील काढेल.

गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा परवानाधारक विमा सर्व्हेअरकडे न्या आणि लेखी तपासणी अहवाल मागा. नुसतं 'सस्पेन्शन खराब' असं लिहून घेऊ नका, त्याला काही किंमत नाही. चाक काढण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहायला लावा. एकच बाजू जास्त बसली असेल, तर स्प्रिंग किंवा तिची बैठक यांत दोष आहे. मग स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या खाचेत अडसराला टेकलंय का, त्याचा जवळून फोटो घ्या. टोक दोन बोटं सरकलेलं असेल, किंवा वरचं बेअरिंग उलटं बसलं असेल, तर स्टेअरिंगबरोबर स्प्रिंग पीळ खाऊन सुटते. 'टण्ण' आवाज बहुतेक त्याचाच. गळणाऱ्या शॉकअपचा रबरी बूट वर सरकवून दांडा बघा. दांडा पकडीने धरून नट आवळला असेल, तर त्यावर ओरखडे दिसतात, आणि तो ओरखडा प्रत्येक खड्ड्याला आतलं सील कापत जातो. हे बंद पाकिटातल्या स्प्रिंगने होत नाही, फिटरच्या हाताने होतं. खोक्यातल्या सूचनापत्रात बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा) कापायला सांगितलं असेल आणि तो अख्खाच असेल, तर तेही नोंदवा. लोअर आर्मचे बुशही, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातली रबरं, बघून घ्या. चाकं लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टायरचं उत्तर तुमच्या बिलातच आहे. गाडी खाली बसली की टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाक उभ्या रेषेतून कलणं) दोन्ही बदलतात, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे हे कोन जुळवणं, लागतंच. बिलात त्याची नोंद नसेल, तर आतल्या कडेची झीज गॅरेजच्या माथी मारणं सोपं जाईल.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ नुसार जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. तुम्ही जिल्ह्यात राहता, तेवढं पुरे. विक्रेता कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे तुम्ही मोजलेल्या किमतीला, फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. गॅरेज आणि विक्रेता दोघांनाही प्रतिपक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून दोघं सुटणार नाहीत. मागणी मात्र अहवालापलीकडे नेऊ नका. दोष फिटिंगचा निघाला, तर मजुरी, शॉकअप, दोन टायर, अलाइनमेंट आणि गाडी ओढून नेल्याचं भाडं मागा. स्प्रिंगचे १८,५०० त्यात घुसडलेत तर तक्रार कमकुवत होते. कच्चं बिल असेल तर यूपीआयची नोंद जोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र द्या.

तुमची अडचणीची बाजूही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा, म्हणजे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मनाई करणाऱ्या कलमाचा, अर्थ कडकच लावला. नोंदणी पुस्तकात स्प्रिंगच्या उंचीचा रकाना नाही, हा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. बदल केल्याची गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहा. विमा कंपनीला कळवलं नसेल, तर अपघातात दाव्याला आडकाठी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

अहवाल हाती आला की दोघांना १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि मूळ स्प्रिंगा परत बसवून घ्या. शॉकअप जोडीने बदला, लॉकनट नवे घ्या, बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा, मग अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत जुळवून घ्या. गॅरेजवाला पैसे परत देऊ लागला तर घ्या, पण 'पूर्ण समाधान झाले' अशा कागदावर सही करू नका. 'अंशतः रक्कम मिळाली' एवढंच लिहा. काढलेले टायर, शॉकअप आणि स्प्रिंगा भंगारात देऊ नका. आयोग तपासणीला मागवेल तेव्हा तेच मांडावे लागतील, म्हणून डावं-उजवं लिहून गोणीत बांधून ठेवा.