शेवटच्या नळाला काय येतं?

पाऊस सुरू झाला की पिण्याच्या पाण्याबद्दलची तीच पत्रं येतात, फक्त गावाचं नाव बदलतं. गेल्या वर्षी ज्यांना सविस्तर लिहिलं, त्यांच्या शिवेला लागून असलेल्या गावानं यंदा तोच प्रश्न धाडलाय. एकेकाला किती कळवणार? म्हणून सगळ्यांना एकदमच.

नळाला गढूळ पाणी येतंय. तुरटी फिरवली की प्यायला चालतं ना? (पन्हाळा तालुका)

नाही. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं निवळ पाणी गाळून घ्या आणि खळखळून उकळा.

घरी एक माणूस आला. नळाच्या पाण्यात दोन सळ्यांचं विजेचं यंत्र बुडवलं, तर दोन मिनिटांत पाणी तांबडं-काळं झालं. त्याच्या मशीनचं पाणी तसंच राहिलं. आम्ही विष पितोय का? (करवीर तालुका)

तुम्ही जादूचा प्रयोग बघितलात. त्या सळ्यांत लोखंड असतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच उरतात, म्हणून ते तसंच राहतं. पुढच्या खेपेला त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र बुडवायला सांगा. गडी पिशवी आवरेल. त्याचा टीडीएस मीटरही क्षारच मोजतो, जंतू नव्हे. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर केवळ त्यासाठी आरओ घ्यायची गरज नाही. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथंही आधी प्रयोगशाळेचा अहवाल, मग खरेदी. विक्रेत्यानं केलेली तपासणी धरू नका.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचा वास येतो, सांधे धरतात, अशी लोकांची तक्रार आहे. पंधरा दिवस बंद ठेवलीय. पाणी तर स्वच्छ दिसतं. चालेल का? (हातकणंगले तालुका)

आज सुरू करा. उद्या नव्हे, मासिक सभेत ठराव करून नव्हे. आजच.

सांध्यांचं कुणी सांगितलं? पारावर ऐकलं असणार. नेमून दिलेल्या मात्रेत क्लोरीननं सांधे धरत नाहीत. दिसायला स्वच्छ म्हणाल, तर काविळीचं पाणीही स्वच्छच दिसतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली. तुमच्या तालुक्यातली ही गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको.

आता वासाचं. वास येतो तो बहुधा टाकण्याची पद्धत चुकल्यामुळे. पाणी सोडणारा शिडीवर चढतो, कोरडी पावडर टाकीत भिरकावतो आणि लगेच चावी फिरवतो. पहिल्या गल्लीला उग्र पाणी, शेवटच्या गल्लीला नुसतंच पाणी. पावडर आधी बादलीत कालवायची, चोथा खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबायचं. प्रमाण ढोबळमानानं हजार लिटरला ५ ग्रॅम, पण ते पावडरीच्या ताकदीवर आणि पाण्याच्या गढूळपणावर ठरतं. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पिशवी उघडी टाकली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे चुन्याची फक्की. तिची तपासणी करून घ्या आणि मात्रा आरोग्य सहायकाकडून ठरवून घ्या.

हे सगळं करूनही काम संपत नाही. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं. बाकीचा वेळ पाइपात दाब नसतो आणि गटारीतून गेलेल्या पाइपाला भोक असेल तर घाण आत ओढली जाते. म्हणून टाकीपाशी नाही, शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथं उरला पाहिजे. नोकरीत असताना एका गावात मी रजिस्टर बघितलं होतं. रोजची नोंद, रोजची सही, अक्षर मोत्यासारखं. कोपऱ्यात टीसीएलची पिशवी होती, तिची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. तेव्हापासून मी रजिस्टर मागत नाही, शेवटचा नळ कुठला ते विचारतो.

एप्रिल आणि ऑक्टोबरात होणाऱ्या पाण्याच्या सर्वेक्षणात तुमच्या पंचायतीला लाल कार्ड (जास्त धोका) मिळालं, पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी)? सदस्य आहात, तुम्हाला हे पाठ पाहिजे.

संडासाचा खड्डा आडापासून किती लांब घ्यावा? गवंडी म्हणतो जेवढा खोल तेवढा चांगला, वीस वर्षं उपसा नको. (शिरोळ तालुका)

गवंडी खोलीप्रमाणे पैसे घेतो. तुमच्याकडे पाणी वरच लागतं. खोल खड्डा म्हणजे मैला थेट आडाच्या झऱ्यात. उथळ दोन शोषखड्डे घ्या, मधे वळवायची सोय ठेवा. एक भरला की बंद करून दुसरा वापरा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचं दोनेक वर्षांत खत होतं. आडापासून १५ मीटर तरी लांब राहा, पण पुराच्या पट्ट्यात तेवढ्यावर भागेलच असं नाही. खणण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याला जागा दाखवा. आणि सेप्टिक टाकी असेल तर उपसायला माणूस आत उतरवू नका. आतला वायू जीव घेतो, आणि तसं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आमच्या धनगरवाड्यावर झऱ्याचं पाणी आहे, बारमाही. त्याला कशाला औषध? (शाहूवाडी तालुका)

झऱ्याच्या वरच्या अंगाला जनावरं बसतात का, तेवढं बघून या. बसत असतील तर वर कुंपण घाला, पावसाचं पाणी बाहेर वळवणारी चर काढा, उगमाला झाकण करा. तपासणी होईपर्यंत हंड्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, टाका. किती थेंब ते आशाताई सांगतील.

गल्लीत तिघांना जुलाब आहेत. दोन दिवस वाट बघावी का? (कागल तालुका)

नाही. तिघांनाही दवाखान्यात न्या, उपकेंद्राला आत्ता फोन करा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून वाटेत पाजत राहा. चमचा चहाचा.

पाण्याचा नमुना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून नेला तर चालेल का? (राधानगरी तालुका)

जंतूंच्या तपासणीला नाही. निर्जंतुक बाटली उपकेंद्रातून मागून घ्या, बर्फात ठेवा, २४ तासांच्या आत पोचवा. शनिवारी दुपारी भरू नका, रविवारी प्रयोगशाळा बंद असते.