कोल्हापूरला जावं का? माझ्या दोन खेपांवरून सांगते

तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतर आई आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन एकटीनंच दोन दिवस कोल्हापूरला जायचंय, पण दंगल आणि पुराच्या बातम्या वाचून घरचे नको म्हणतात. जावं का?

जा. मी कोल्हापूरची नाही, ठाण्याची आहे आणि दोनदाच गेले आहे. पण पहिली खेप नेमकी तुमच्या घरचे ज्याला घाबरतात त्याच दिवसांतली होती, म्हणून लिहायला बसले.

६ जून २०२३, मंगळवार. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मी आणि आई सकाळी उतरलो आणि महाद्वार रोडमागच्या एका गल्लीत छोट्या लॉजवर सामान टाकलं. मंगळवार म्हणजे देवीचा वार, त्यामुळे दर्शनाच्या रांगेतच दुपार झाली. संध्याकाळी परतलो तर कुणाच्या तरी मोबाईलच्या स्टेटसवरून गाव तापलं होतं. दुसऱ्या दिवशी बंद. लॉज चालवणाऱ्या काकी आईला म्हणाल्या, "उद्या बाहीर पडू नगासा, आक्का."

बुधवारी सकाळी सगळी शटर खाली. देवळापासून थोड्याच अंतरावर असलेल्या शिवाजी चौकात गर्दी जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. आम्ही गच्चीवरून पाहिलं ते एवढंच : पळणारी पोरं, त्यांच्यामागे आणखी पोरं, आणि मग रिकामा रस्ता. रस्त्यात सुटलेल्या चपला. चपलांच्या गावात हे दृश्य बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

इंटरनेटही बंद झालं. भीती वाटली ती खरं तर तेव्हा. पर्समध्ये तीनशे चाळीस रुपये आणि बाकी सगळं फोनवर. काकींनी दोन्ही वेळा पिठलं-भाकरी वाढली आणि पैसे घेतले नाहीत. "पैसं काय पळून जात्यात व्हय?" म्हणाल्या. त्याच घरातला त्यांचा कॉलेजातला मुलगा मात्र जेवताना 'त्यांच्या', म्हणजे मुसलमानांच्या, दुकानांबद्दल असं काही हसून बोलला की माझा घास घशातच राहिला. मी काही बोलले नाही. अन्न त्यांचं होतं आणि आम्ही अडकलेलो होतो. पण ते अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे जाताना रिक्षा दसरा चौकातून गेली. तिथं शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि तिथंच त्यांच्या काळात सुरू झालेलं मुस्लिम बोर्डिंग. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा, जातीजातीच्या मुलांना शिकता यावं म्हणून वसतिगृहं उघडायला लावणारा राजा. चौकात त्या सकाळी राज्य राखीव पोलिसांची गाडी उभी होती. आई म्हणाली, "महाराजांना काय वाटत असेल गं?" रिक्षावाला गप्पच राहिला.

पुढच्याच वर्षी जुलैत याच जिल्ह्यात, विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात मुसलमानांची घरं फोडली गेली. तेव्हा घरच्यांची भीती अगदीच हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. फक्त एक, असे दिवस मोजके असतात आणि गावातल्या माणसांना आदल्या संध्याकाळीच वास लागतो. लॉजवाल्याला, चहावाल्याला विचारायचं. 'उद्या नको' म्हणाले तर खरंच नको. आणि रोख पैसे जवळ ठेवा. तुम्ही तिघी आहात, दोन-तीन हजार तरी.

पुराची काळजी दिवाळीनंतर नाही. पावसाळ्यात कधी जायचं झालं तर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बातम्यांत बघायची : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली गेला होता. म्हणजे गावात पोचलात तरी बाहेर पडता येत नाही.

दुसऱ्यांदा बहिणीबरोबर गेले, जानेवारीच्या शेवटी, किरणोत्सवाला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर चढत जातात. आम्ही होतो त्या दिवशी कमरेपर्यंत आली आणि ढगानं गिळली. सगळं देऊळ एकदम 'अर्रर्र' म्हणालं. तो आवाज मी विसरणार नाही. तेवढ्यात बहिणीच्या बॅगेची चेन उघडून पाकीटही गेलं होतं. दंगलीत काही गेलं नाही, गेलं ते आरतीच्या गर्दीत! नोव्हेंबरात ९ ते ११च्या सुमारास पुन्हा किरणोत्सव असतो. दहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या चेंगराचेंगरीत जाऊ नका, दुसरे दिवस निवडा.

देवळाबाहेर "ताई, चप्पल इथं ठेवा, फुकट" म्हणून बोलावतात आणि मग ओटीचं ताट गळ्यात मारतात. आम्हाला ते अडीचशे रुपयांना पडलं. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. आम्ही ठरवलं नाही आणि एवढ्याशा अंतराला दीडशे मोजले.

हे सगळं सांगून झालं, आता रंकाळा तलाव. रात्री दहापर्यंत आम्ही दोघी काठानं फिरलो, भेळ खाल्ली, कुणी वळून बघितलं नाही. ठाणे स्टेशनबाहेर मला रात्री नऊलाही असं मोकळं वाटत नाही. जवळून बायकांचा एक घोळका गेला, "मी काल आलो न्हवतो, आज आलो" अशा बोलीत गप्पा मारत. तिथल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मुलीला आधीच सांगून ठेवा. शिव्यांचंही तसंच. दोन मित्र एकमेकांच्या आयाबहिणी काढत गळ्यात गळे घालून गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पितात. आईचे कान तापतील, पण भांडण नसतं ते. खरी भीती मला वाटली ती सायलेन्सर काढलेल्या बुलेटवाल्या पोरांची. रस्ता ओलांडताना मुलीचा हात सोडू नका.

पन्हाळा एका दुपारचा आहे. सज्जाकोठी आणि तीन दरवाजा बघा. तटाच्या कडेला बऱ्याच ठिकाणी सरळ खाली दरी आहे आणि फोटोसाठी माणसं नको तिथं चढतात. २०२५ला युनेस्कोच्या यादीत आल्यापासून गर्दीही वाढली म्हणतात. केशवराव भोसले नाट्यगृह मला बघायचं होतं, पण ते ऑगस्ट २०२४मध्ये जळालं. आम्ही गेलो तेव्हा काम चालू होतं. शेजारचं खासबाग मैदान बघितलं. रिकामं कुस्तीचं मैदानही मुलीला आवडेल, पायऱ्यांवर आवाज घुमतो.

खोली महाद्वाराच्या गल्लीत घेऊ नका. देऊळ जवळ म्हणून मीही तीच चूक केली होती. शाहूपुरीत, स्टेशनच्या बाजूला घ्या. गाडी दारापर्यंत येते, आईला पायपीट नाही आणि उद्या काही झालंच तर स्टेशन चालत गाठता येतं. आणि चप्पल घेणार असाल तर मुलीची आधी घ्या. लहान मापाची कापशी (कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला होता.