वीस पॉइंटांतले दहा-अकराच औषधाचे

ताई, सासऱ्यांचं बीपी तीन गोळ्या घेऊनही १५५च्या खाली येत नाही, अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवून बीपी चढवणारं हार्मोन) वाढलेलं निघालंय, त्यावरच्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीने छाती सुजून दुखते. म्हणून 'वीस पॉइंट बीपी उतरवणारी' नवी गोळी कुठे चाचणीतून मिळते का, असं तुम्ही विचारलंय.

ती गोळी म्हणजे बॅक्सड्रोस्टॅट. २०२२ साली छापून आलेल्या चाचणीत २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी २०.३ने उतरलं, हे खरंय. पण त्याच चाचणीत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांचंही ९.४ने उतरलं होतं! चाचणीत नाव घातलं की माणूस जुन्या गोळ्याही वेळच्या वेळी घेतो, मिठाला हात आखडतो. शिवाय निवडीच्या दिवशी चढलेलं बीपी पुढच्या खेपांना आपसूक थोडं बसतंच. याच गोळीच्या 'हालो' नावाच्या चाचणीत प्लासिबोवाल्यांचं इतकं उतरलं की औषधाचा फरक सिद्धच झाला नाही. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

तिचीच २०२५ची मोठी चाचणी जवळजवळ ८०० जणांवर, १२ आठवड्यांची होती. तिथे २ मिलिग्रॅमला प्लासिबोपेक्षा ९.८ जास्त घट मिळाली. मी हाच आकडा धरेन. हट्टी बीपीत तो चांगलाच आहे, पण २०१५च्या 'पाथवे-२' चाचणीत आपल्या जुन्या, स्वस्त स्पायरोनोलॅक्टोननेही घरी मोजलेलं बीपी प्लासिबोपेक्षा ८.७ जास्त उतरवलं होतं.

मग नव्यात काय आहे? स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनची वाट अडवते आणि जाता जाता पुरुषी हार्मोनच्या वाटेतही येते, म्हणून छातीचा त्रास. नवी गोळी अल्डोस्टेरॉन तयारच होऊ देत नाही. हे साधायला वेळ लागला, कारण अल्डोस्टेरॉन बनवणारं एन्झाइम आणि कॉर्टिसॉल हे दुसरं, शरीराला लागणारं हार्मोन बनवणारं एन्झाइम ९३ टक्के सारखे. आधी ओसिलोड्रोस्टॅट नावाचं असंच औषध बीपीसाठी तपासलं, तर कॉर्टिसॉललाही धक्का लागला. आज तेच औषध कॉर्टिसॉल वाढण्याच्या आजारात, म्हणजे कुशिंगमध्ये वापरतात.

रक्तातलं पोटॅशियम वाढण्याची धास्ती मात्र नव्या गोळीतही आहे. मोठ्या चाचणीत २ मिलिग्रॅमवर ३ टक्के लोकांचं पोटॅशियम ६च्या वर गेलं, प्लासिबोवर ०.४ टक्के. 'बीपीसाठी चांगलं' म्हणून घरात लो-सोडियम मीठ आणलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यात पोटॅशियमच असतं.

सासऱ्यांसाठी मी आधी दोन गोष्टी विचारेन: स्पायरोनोलॅक्टोनऐवजी तिच्याच जातीची एप्लेरेनोन चालेल का (छातीचा त्रास बराच कमी), आणि सीटी व अ‍ॅड्रीनल शिरांचं सॅम्पलिंग (अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथींच्या शिरांतलं रक्त तपासणं) झालंय का. दोष एकाच बाजूच्या ग्रंथीत असेल तर ऑपरेशनचा मार्ग उघडतो.

एवढं करूनही चाचणीत जायचंच असेल, तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि संमतीपत्र मराठीतच घ्या. प्लासिबो वाट्याला आली तर आताच्या गोळ्या चालू राहणार का आणि स्पायरोनोलॅक्टोन किती आठवडे आधी बंद करणार, हे सही करण्याआधी विचारा. तोवर मनाने कुठलीही गोळी थांबवू नका.